मागचा कागद सोलण्याआधी: खोलीची भिंत आणि फरशी स्वतः बदलताना

कागद सोला, दाबा, झालं, असं मागे गोंद असलेल्या पट्ट्यांच्या पॅकेटवर छापलेलं असतं. चिकटवण्यापुरतं ते खरंही आहे. १० बाय १२ च्या खोलीत दोन माणसं सकाळी कामाला लागली तर दिवेलागणीपर्यंत अख्खी फरशी व्हिनाइलच्या, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकच्या, पट्ट्यांनी झाकून होते. तोडफोड नाही, सिमेंट-रेती नाही, गवंडी आज येतो की उद्या याची वाट बघणं नाही. पण सहा महिन्यांनी कडा वर यायला लागल्या की सगळे गोंदाला नावं ठेवतात, आणि गोंदाची बहुतेक वेळा काहीच चूक नसते. गोंद भिंतीला धरतच नाही. भिंतीवर जो सगळ्यात वरचा थर आहे त्याला धरतो. तो थर जुन्या डिस्टेंपरचा असेल, धुळीचा असेल, नाहीतर वर्षानुवर्षं मारलेल्या फिनाईलचा असेल. त्यामुळे इथे चिकटवण्याच्या आधीच्या कामाबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी नेमका तोच भाग गाळू नये.

तुम्ही नक्की काय विकत घेताय?

फरशीच्या बाबतीत ‘व्हिनाइल’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. पहिली म्हणजे छापील स्टिकर. जाडीला पुठ्ठ्याहूनही पातळ, गुंडाळीत मिळतो. फोटोत झकास दिसतो, पण खालच्या फरशीचा प्रत्येक सांधा, खडा, टवका त्यातून उठून दिसतो. तो कपाटाच्या कप्प्यात लावा, पायाखाली नको. दुसरी म्हणजे दीड ते दोन मिलिमीटर जाडीची, मागे गोंद आणि त्यावर कागद असलेली पट्टी किंवा चौकोनी तुकडा. आपलं काम हिच्याशी आहे. तिसरी खाचा एकमेकींत अडकवायची, चार मिलिमीटर आणि त्याहून जाड, जिला गोंदच लागत नाही. तिच्याबद्दल शेवटी भाड्याच्या घराच्या निमित्ताने बोलू.

दुकानात गेलात तर एकूण जाडीबरोबर वरच्या पारदर्शक थराची जाडीही विचारा. लाकडाचं चित्र त्या थराखाली असतं. तो थर झिजला की चित्र उडतं. साध्या बेडरूमला ०.१५ मि.मी. चालतो. पोरं, कुत्रा आणि दिवसभर सरकणाऱ्या खुर्च्या असलेल्या हॉलला ०.३ मि.मी. घ्या. विक्रेत्याला हा आकडा माहीत नसेल तर दुसरं दुकान बघा. आणि भाव कायम चौरस फुटाचा विचारा. ऑनलाइन मालावर ‘१० नग’, ‘३६ नग’ असं लिहिलेलं असतं आणि नग केवढा ते खाली बारीक अक्षरांत. स्वस्त दिसणारं पॅकेट हिशोब केल्यावर बरेचदा महाग निघतं.

भिंतीसाठी सर्रास दिसतात त्या विटांचा उठाव असलेल्या फोमच्या शीट. हलक्या, कात्रीने कापता येतात, नवख्या हाताला सोप्या. पण नखाने दाबलं तरी खळगा पडतो आणि खुर्चीची पाठ घासून घासून तिथे कायमचा चट्टा उठतो. पीव्हीसीच्या पट्ट्या टिकाऊ असतात, मात्र भिंतीत पोट असेल तर ते लपवत नाहीत. खऱ्या लाकडाच्या पातळ पट्ट्या, साधारण ३ ते ५ मि.मी. जाड, मागे दुहेरी टेप, या माझ्या मते सगळ्यात देखण्या. पण वाळवीचा इतिहास असलेल्या घरात त्या लावू नका, मग कितीही आवडल्या तरी.

काही जागा सरळ वगळा. गॅसच्या शेगडीमागची भिंत, बाथरूममधली पाणी उडणारी जागा, उघडी गॅलरी. आणि देव्हाऱ्यामागची भिंत. हल्ली देवघराला ‘लुक’ म्हणून फोमच्या विटा लावतात आणि समोर समई तेवत असते. फोम हे प्लास्टिकच आहे. ते आधी वितळतं आणि मग पेटतं.

भिंत आणि फरशी तपासणं

पहिली तपासणी ओलीची. भिंतीला तळहात लावून गारवा जाणवतो का बघा, पण तेवढ्यावर विसंबू नका. खालच्या दोन फुटांत रंगाला फुगे आलेत का, पोपडे सुटलेत का, पांढरी भुकटी दिसते का? ती भुकटी म्हणजे लोणा. भिंतीत मुरलेलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं आणि पाणी उडून गेलं की क्षार मागे राहतात. लोणा खरवडून वर पॅनेल लावणं हा उपाय नव्हे. पलीकडच्या बाथरूमचा सांधा, बाहेरच्या प्लास्टरची भेग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, जे असेल ते आधी दुरुस्त करून भिंत पूर्ण सुकू द्या. नाहीतर पॅनेलमागे बुरशी वाढत राहते आणि पॅनेल पडेपर्यंत कुणाला पत्ताही लागत नाही.

इथे हंगामाचा प्रश्न येतो. आपल्याकडे घर सजवायची हुक्की गणपतीच्या आधी येते. मखरामागची भिंत नवी दिसली पाहिजे ना! पण नेमका तो काळ पावसाचा. पश्चिमेकडून पाऊस झोडपणारी बाहेरची भिंत तेव्हा पाणी पिऊन बसलेली असते. कोकणात तर आतल्या भिंतीही दमट असतात. दिवाळीनंतर ते मेपर्यंत हे काम करा. गणपतीआधीच करायचं असेल तर दोन खोल्यांच्या मधली, बाथरूमला न चिकटलेली भिंत निवडा.

दुसरी तपासणी रंगाची, आणि ही दोन मिनिटांची आहे. पारदर्शक सेलोटेपचा वीतभर तुकडा भिंतीवर नखाने घासून घट्ट बसवा आणि एका झटक्यात ओढा. टेप उजेडाकडे धरा. स्वच्छ निघाली तर उत्तम. तिच्यावर पिठासारखा पांढरा थर आला तर भिंतीवर डिस्टेंपर किंवा चुना आहे आणि त्यावर काहीही टिकणार नाही. रंगाची खपलीच सोबत आली तर खालची पुट्टीही सुटलेली आहे. भुकटी असेल तर ओल्या फडक्याने घासून धुवा, सुकू द्या, प्रायमरचा एक हात आणि त्यावर प्लास्टिक इमल्शनचा एक हात मारा. खपली निघाली तर पत्रीने (खरवडायच्या पात्याने) सैल भाग खरवडून लांबी, म्हणजे पुट्टी, भरा, पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर आणि रंग. ताजा रंग वरून सुकलेला वाटला तरी आतून पक्का व्हायला तीन-चार आठवडे जातात, तोवर थांबा. टेप एकाच जागी नको. खिडकीखाली, स्विचबोर्डाजवळ, कोपऱ्यात अशी चार-पाच ठिकाणी लावून बघा.

आता फरशी. जाड प्लास्टिकचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा फरशीवर पसरून चारही कडा टेपने बंद करा आणि २४ तास तसाच राहू द्या. उचलल्यावर आतून थेंब दिसले किंवा खालची फरशी काळवंडलेली दिसली, तर जमिनीतून ओल वर येते आहे. तळमजल्यावर, विशेषतः जुन्या बैठ्या घरांत, हे फार आढळतं. अशा फरशीवर चिकटवायचं व्हिनाइल घालू नका. गोंद ओलीपुढे हरतो आणि सांध्यांतून चिकट काळपट घाण वर यायला लागते.

मग टकटक. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक फरशी वाजवत जा. पोकळ आवाज येणारी, पाय ठेवल्यावर हलणारी फरशी आधी गवंड्याकडून बसवून घ्यावी लागेल, कारण हलत्या फरशीवरचा सांधा काही दिवसांतच उघडतो. सपाटी बघायला सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर आडवी, तिच्या कडेवर धरा आणि खालून उजेड कुठे दिसतो ते बघा. दहा फुटांत पाच मिलिमीटरपर्यंतचा चढउतार चालतो, तोही हळूहळू येणारा. एका फरशीची कड दुसरीपेक्षा वर आली असेल तर ती घासून घ्या किंवा भरून घ्या.

फरशीच्या प्रकाराप्रमाणे तयारी बदलते. व्हिट्रिफाइडवर सांधे बारीक असतील तर फक्त स्वच्छता पुरते. जुन्या सिरॅमिक टाइल्सचे रुंद, खोल सांधे मात्र सिमेंटच्या भरणीने फरशीच्या पातळीत आणावेच लागतात. नाही भरलेत तर महिन्या-दोन महिन्यांत व्हिनाइल त्या खाचांत बसतं आणि लाकडी फरशीवर चौकटींची जाळी दिसायला लागते. मोझॅक सपाट असतं, पण त्यावर जुन्या पॉलिशचा आणि मेणाचा थर असतो. शहाबादी आणि कोटा यांचे सांधे वेडेवाकडे आणि दगड पाणी पिणारा. सिमेंटचा कोबा असेल तर तो धूळ सोडतो. हात फिरवला की हात पांढरा. कोबा आणि शहाबादी या दोन्हींवर फरशीचा प्रायमर मारून, तो सुकल्यावरच पुढे जा. शेणाने सारवलेल्या जमिनीचा तर प्रश्नच नाही.

माप आणि हिशोब

खोलीची लांबी-रुंदी दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन ठिकाणी मोजा. आपल्या बिल्डिंगांतल्या खोल्या क्वचितच गुण्यात, म्हणजे काटकोनात, असतात. सगळ्यात मोठं माप धरा. १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट. कापाकापी आणि राखीव माल म्हणून १० टक्के वाढवा, झाले १३२. सहा इंच रुंद आणि तीन फूट लांब पट्टी दीड चौरस फुटाची, म्हणजे ८८ पट्ट्या. खोक्यात किती येतात ते बघून पूर्ण खोकी घ्या, आणि सगळ्या खोक्यांवरचा बॅच नंबर एकच असल्याची खात्री दुकानातच करा. वेगळ्या बॅचचा रंग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सारखाच दिसतो. घरी खिडकीच्या उजेडात फरक कळतो.

खोकी ज्या खोलीत लावायची त्याच खोलीत, आडवी, ४८ तास ठेवा. उभी भिंतीला टेकवून ठेवलीत तर पट्ट्यांना बाक येतो. खोलीचं तापमान साधारण १८ ते २९ अंश असावं. नाशिकच्या डिसेंबरात सकाळी सातला गार फरशीवर गोंद धरत नाही. ऊन चढल्यावर सुरुवात करा. मे महिन्यात पश्चिमेच्या खिडकीचा पडदा दुपारपासून ओढून ठेवा.

सामान फार नाही: मेजर टेप, लाइनदोरी (रेघ मारायची, रंगाची भुकटी लावलेली दोरी), गुण्या, लोखंडी पट्टी, चांगला कटर आणि भरपूर जादा पाती, रबरी हातरोलर, स्पिरिट लेव्हल, हेअर ड्रायर, पुठ्ठा, पेन्सिल, स्पिरिट आणि पांढरी सुती फडकी. पात्यांवर पैसे वाचवू नका. बोथट पातं व्हिनाइल कापत नाही, ओरबाडतं, आणि घसरून बोटावर येतं.

आधी भिंत

भिंत आणि फरशी दोन्ही करायची असतील तर भिंत आधी. वरून पडणारं पातं नव्या फरशीवर पडलेलं बघवत नाही.

भिंत पुसून सुकवा. छतापासून जमिनीपर्यंतची उंची तीन ठिकाणी मोजा. छताची रेघ आणि जमिनीची रेघ समांतर नसतातच, तेव्हा दोघींवरही भरवसा न ठेवता लेव्हल लावून स्वतःची आडवी रेघ मारा. मी वरून खाली येण्याच्या बाजूचा आहे. छताजवळची कड नजरेसमोर असते, तिथे पूर्ण रुंदीची पट्टी शोभते, आणि खालची कापलेली ओळ सोफ्यामागे किंवा स्कर्टिंगवर लपते. छत स्वतःच एका बाजूला उतरलेलं असेल तर वरच्या ओळीची कड थोडी तिरपी कापून छताला मिळवा, पण तिची खालची कड लेव्हलच्या रेघेवरच राहू द्या.

लाकडी पट्ट्या असतील तर सगळी खोकी उघडून पट्ट्या जमिनीवर पसरा. गडद, फिकट, गाठी असलेल्या मिसळून घ्या, नाहीतर एका खोक्याचा गडद ठिगळ भिंतीच्या मधोमध येतो. वरच्या-खालच्या ओळींचे सांधे एका रेषेत येऊ देऊ नका. पट्टीमागच्या टेपवरचा कागद काढा, पट्टी आधीच्या पट्टीला टेकवा आणि टेप जिथे आहे नेमकं तिथे तळहाताने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. मग रोलर. टेप मधल्या भागात असेल आणि तुम्ही फक्त कडा दाबल्यात, तर पट्टी टेकल्यासारखी दिसते पण धरलेली नसते.

स्विचबोर्डाशी आलात की खोलीचा एमसीबी बंद करा, टेस्टरने खात्री करा, आणि मगच बोर्डाची पुढची प्लेट काढा. पॅनेल प्लेटच्या कडेखाली दोन-तीन मि.मी. जाईल एवढंच कापा, मागच्या पेटीच्या आत अजिबात नको. लाकूड जाड असेल तर प्लेटचे जुने स्क्रू आखूड पडतात. ते लांब आणून ठेवलेले बरे, नाहीतर रविवारी संध्याकाळी अंधारात बसावं लागेल. बोर्डातल्या वायरी सैल किंवा काळवंडलेल्या दिसल्या तर स्वतः हात न लावता वायरमनला बोलवा.

टीव्हीचा ब्रॅकेट फोमवर कधीही कसू नका. फोम दबतो, ब्रॅकेट हलतो. ब्रॅकेटएवढा फोम कापून ब्रॅकेट थेट भिंतीवर बसवा. टीव्ही तो भाग झाकतोच.

मग फरशी

आदल्या दिवशी फरशी साबणाच्या पाण्याने घासा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. साबणही मागे राहिला तर गोंदाचा शत्रूच. फिनाईल या आठवड्यात बाटलीतच राहू द्या, त्याचा तेलकट पातळ थर पाण्याने सहज जात नाही. लावायच्या दिवशी झाडू, मग खिडक्या उघड्या ठेवून स्पिरिटचं फडकं. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे जवळ उदबत्तीसुद्धा नको. पांढरं फडकं पांढरंच राहिलं की फरशी तयार. पंखा बंद करा. गरम होईल, पण वरच्या पात्यांवरची धूळ गोंदावर उडणार नाही.

कुठून सुरू करायचं? भिंतीला चिकटून सुरू केलंत तर दोन अडचणी येतात: भिंत सरळ नसते आणि शेवटी काय उरेल ते तुमच्या हातात राहत नाही. समजा खोलीची रुंदी १० फूट १ इंच, म्हणजे १२१ इंच आहे. सहा इंची पट्टीच्या २० ओळी बसून शेवटी एक इंचाची चिंधी उरते. ती कापायला कठीण आणि दिसायला भिकार. त्याऐवजी एक पूर्ण ओळ कमी करा: १९ ओळी म्हणजे ११४ इंच, उरले सात, ते दोन्ही भिंतींना साडेतीन-साडेतीन इंच वाटून द्या. आता एका लांब भिंतीपासून साडेतीन इंचांवर दोन्ही टोकांना खूण करून लाइनदोरी मारा आणि पहिली पूर्ण पट्टी त्या रेघेवर बसवा. भिंतीकडची कापलेली ओळ नंतर भरायची. भिंतीचा सगळा वाकडेपणा तिच्यात जिरतो. दोरीची जादा भुकटी फुंकून टाका.

दुसरी दिशा काटकोनात आहे का हे बघायला गवंड्यांचा तीन-चार-पाच वापरा. रेघेवर एका बिंदूपासून तीन फुटांवर खूण, काटकोनातल्या रेघेवर चार फुटांवर खूण, दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं पाहिजे.

कागद न काढता दोन-तीन ओळी नुसत्या मांडून बघा. शेजारच्या ओळींचे आडवे सांधे एकमेकांपासून किमान सहा इंच दूर हवेत. एका ओळीला पूर्ण पट्टी, पुढचीला दोन फुटांचा तुकडा, तिसरीला एक फुटाचा, अशी सुरुवात करा. मात्र हाच क्रम खोलीभर नेलात तर जिन्याच्या पायऱ्या दिसतात, म्हणून मध्येच बदला. ओळीच्या शेवटी कापलेला तुकडा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला बहुतेक वेळा कामी येतो.

पट्टीच्या मागच्या कागदावर बाण असतो. एकाच दिशेची नक्षी हवी असेल तर सगळे बाण एकीकडे. कागद एका टोकापासून अलगद सोला, सुरी-कात्री लावू नका. गोंदाला बोट लावू नका. पट्टीची लांब कड आणि डोकं आधीच्या पट्ट्यांना भिडवा, मागचा भाग हातात अधांतरी धरा, आणि सांधा बसला हे नजरेने बघूनच ती हळूहळू खाली सोडा. सरकवायची नाही. सरकवली की गोंद सांध्यात गोळा होतो. जराशी तिरपी बसली तर लगेच उचला, पाच मिनिटांनी विचार करून नको. पहिल्या ओळीतली एक मिलिमीटरची फट दहाव्या ओळीला चांगली बोटभर होते, त्यामुळे पहिल्या दोन ओळींना हवा तेवढा वेळ द्या. सोललेले कागद लगेच पिशवीत भरा. फरशीवर पडलेल्या कागदावर पाय पडला की माणूस सपशेल घसरतो.

कापणं सोपं आहे: वरच्या बाजूने लोखंडी पट्टी धरून कटरची दोनदा ओढ आणि मागे वाकवलं की तुकडा पडतो. भिंतीकडच्या ओळीला माप घेण्याचीही गरज नाही. शेवटच्या पूर्ण पट्टीवर नवी पट्टी कागदासकट तंतोतंत ठेवा. तिच्यावर तिसरी पट्टी ठेवून ती भिंतीकडे सरकवा, भिंत आणि तिच्यामध्ये एक सुताचा (३ मि.मी.) पुठ्ठा धरा. तिसरीची खोलीकडची कड जिथे येते तिथे मधल्या पट्टीवर रेघ मारा. उघडा राहिलेला भाग म्हणजे तुम्हाला हवा तो तुकडा. कारखान्याची कड सांध्याकडे आणि कापलेली कड भिंतीकडे. भिंतीशी एक ते दोन सूत, म्हणजे ३ ते ६ मि.मी. फट ठेवा. उन्हाळ्यात व्हिनाइल पसरतं आणि जागा नसेल तर सांधे वर येतात.

खरी परीक्षा दाराच्या चौकटीशी. तिथे खाच, गोलाई, वर जुन्या रंगाचे ओघळ. थेट पट्टीवर प्रयोग करू नका. पुठ्ठा चौकटीला लावा आणि कात्रीने थोडं थोडं कापत, परत परत लावून बघत, तो बसेपर्यंत कोरा. मग पुठ्ठा पट्टीच्या वरच्या बाजूवर ठेवून पेन्सिल फिरवा. गोलाईच्या जागी हेअर ड्रायरची ऊब दिली की व्हिनाइल मऊ पडतं आणि कटर वळणावर न अडकता फिरतो. पट्टी गार झाल्यावरच बसवा. चौकटीपाशी उरलेली केसभर फट त्याच रंगाच्या सीलंटने भरली की दिसत नाही.

सगळ्या ओळी बसल्या की रोलर, आधी मधून कडांकडे, मग आडवा. व्यावसायिक लोक सुमारे ४५ किलोचा रोलर फिरवतात. घरी हातरोलरवर गुडघे टेकून अंगाचा भार द्या, सांध्यांवर जास्त. भिंतीकडची फट क्वार्टर-राउंड (पाव गोलाईच्या) पट्टीने किंवा सीलंटने झाका. दारात, जिथे नवी फरशी संपून जुनी सुरू होते, तिथे उतरती ॲल्युमिनियमची पट्टी लावाच. उघडी कड पहिल्याच आठवड्यात झाडूला अडकते.

पहिला आठवडा आणि नंतर

चालायला हरकत नाही. पलंग-कपाट दोन दिवस थांबून आणा, आणि ओढत नाही, उचलून, किंवा खाली प्लायचा तुकडा सरकवत. ओला पोचा पाच दिवस नको. नंतरही पोचा घट्ट पिळलेला हवा. कामाला मावशी येत असतील तर हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगा, कारण बादलीभर पाणी ओतून फरशी धुणं ही आपल्याकडची चांगली सवय या फरशीला मानवत नाही. ॲसिड वर्ज्य. रबरी पाठ असलेली पायपुसणी व्हिनाइलवर कायमचे पिवळट डाग पाडतात. कापडी किंवा काथ्याची वापरा. पाझरणारा माठ असेल तर खाली ताट ठेवा. खुर्च्यांच्या पायांना नमद्याच्या टिकल्या लावा आणि त्या झिजल्या की बदला, कारण त्यांत अडकलेली रेतीच फरशीला ओरखडे काढते.

एखादी कड उचललीच तर ड्रायरने गरम करून दाबा आणि रात्रभर वर वजन ठेवा. परत उचलली तर खाली धूळ किंवा ओल आहे. ती पट्टी काढून खालचं बघा. याचसाठी सात-आठ पट्ट्या राखून ठेवायच्या, पलंगाखाली, आडव्या.

भाड्याचं घर असेल तर

मालकाची परवानगी घ्या, निदान मेसेजवर लेखी, आणि काम सुरू करण्याआधी फरशी-भिंतीचे फोटो काढून ठेवा. ‘सहज निघतं’ हे जाहिरातीत असतं. पट्टी ड्रायरच्या उबेने आणि प्लास्टिकच्या पत्रीने निघते, पण मागे गोंदाचे पट्टे उरतात. व्हिट्रिफाइडवरून ते टर्पेंटाइनच्या फडक्याने जातात. शहाबादी, कोटा किंवा पॉलिश गेलेल्या मोझॅकमध्ये मात्र गोंद आणि टर्पेंटाइन दोन्ही मुरतात आणि डाग पडतो. आधी कपाटाखालच्या कोपऱ्यात एक तुकडा लावून, पंधरा दिवसांनी काढून बघा. भिंतीवरून पॅनेल काढताना रंगाच्या खपल्या येणारच. लांबी आणि रंगाच्या एका हाताचा खर्च मनात धरून ठेवा. म्हणूनच वर्ष-दोन वर्षांसाठी राहणाऱ्यांना मी फरशीला खाचांची, गोंद न लागणारी पट्टीच सुचवतो. ती जाड असते, दार खाली घासलं तर सुताराकडून दोन सूत कमी करावं लागतं (ते दारही मालकाचंच, त्याला विचारून), पण घर सोडताना उचलून पुढच्या घरी नेता येते.

अमेरिकेत जुन्या घरात राहणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. तिथल्या १९८० च्या आधीच्या घरांत नऊ इंची चौकोनी जुन्या टाइल्स दिसल्या तर त्या घासू नका, फोडू नका, खरवडू नका. त्यांत आणि त्यांच्याखालच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. आधी प्रयोगशाळेकडून तपासणी करून घ्या. अहवाल हातात येईपर्यंत त्या खोलीत पॉलिश पेपरही काढू नका.